दोरीला झटका, पापडाला चटका

तळ्यात चेंडू पडला की मुलं हमखास त्याच्या पलीकडे दगड फेकतात. दगडाने लाट उठेल आणि ती चेंडूला ढकलत काठाशी आणून सोडेल, अशी अपेक्षा. लाट उठते, काठाला लागतेही. चेंडू मात्र जागच्या जागी डुलत राहतो. पाण्याचा प्रत्येक कण आपल्या जागी एक लहानसा गोल फेरा मारतो, शेजारच्या कणाला हालचाल देतो आणि पुन्हा जवळपास तिथेच येतो. पुढे जाते ती फक्त हालचाल. लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी हेच वाऱ्यावर डोलणाऱ्या गव्हाच्या शेतात टिपलं होतं: लाट शेतभर पळते, गहू मुळाशी घट्ट उभा. कोकणात भाताच्या खाचरापाशी पाच मिनिटं उभं राहिलं तरी दिसेल.

या गोल फेऱ्यांची एक गंमत आहे. खोल जावं तसे ते लहान होत जातात आणि लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर जवळजवळ संपतात. वर ५० मीटर लांबीच्या लाटा उसळत असतील, तर २५ मीटर खाली शांतता. वादळात पाणबुडी खाली जाते ती म्हणूनच.

लाटा, आवाज, भूकंप, प्रकाश या सगळ्यांचा स्वभाव हातात धरून पाहता येतो आणि त्यासाठी लागणारं सामान बहुतेक घरातच असतं. मला विज्ञानातली ही सर्वांत मोठी मेजवानी वाटते. पुढचे प्रयोग जमतील तेवढे करूनच बघा.

जोर लावा, लाट ऐकणार नाही

कपडे वाळत घालायची लांब दोरी किंवा गोठ्यातला कासरा घ्या. एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरं हातात धरून एक झटका द्या. उंचवटा धावत पलीकडे जाईल. आता दुप्पट जोराने झटका द्या. उंचवटा जास्त उंच होतो, पण पलीकडे पोहोचायला वेळ तेवढाच लागतो! कितीही चिडून झटका द्या, लाट लवकर पोहोचत नाही.

तिला पळवायची असेल तर दोरी ताणा. ताण चौपट केला की वेग दुप्पट होतो. जाड, जड दोरी घेतली की वेग घटतो. लाट किती उंच आणि किती दाट, हे उठवणाऱ्याच्या हातात. ती किती वेगाने जाणार, हे मात्र ज्यातून ती जाते ते ठरवतं. एवढं एक सूत्र मनात पक्कं केलं की पुढच्या बऱ्याच गोष्टींची उकल आपोआप होते.

गजापाशी काय होतं तेही बघा. वरच्या बाजूला फुगलेला उंचवटा गजाला आपटून परत येतो तो खालच्या बाजूला फुगलेला, उलटा. दोरी गजाला वर खेचते, गज हलत नाही, उलट दोरीला खाली खेचतो. त्याची ही खूण. दोरीचं टोक सैल कडीत अडकवून ती कडी उभ्या दांडीवर वरखाली सरकू दिली, तर उंचवटा सुलटाच परत येतो.

खराट्याचं यंत्र

दोरीतली लाट डोळ्यांना फार घाईची वाटते. तिला संथ करायची युक्ती अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या जॉन शाइव्ह यांनी काढली. एका लवचीक कण्यावर आडव्या सळ्यांची लांबलचक रांग लावून त्यांनी यंत्र बनवलं आणि १९५९ मध्ये त्यावर चित्रपट काढला. एक सळी हलवली की पीळ पुढे पुढे सरकतो आणि लाट इतकी सावकाश चालते की बोट दाखवून समजावता येतं. जगभरच्या वर्गांमध्ये हे यंत्र अजून वापरलं जातं.

त्याची घरगुती आवृत्ती अशी. तीन मीटर चिकटपट्टी चिकट बाजू वर करून जमिनीवर पसरा. खराट्याचे हीर एकसारखे फूटभर कापून दर पाच सेंटिमीटरवर आडवे ठेवा, प्रत्येकाचा मध्य पट्टीवर येईल असे. वरून दुसरी पट्टी दाबून बसवा. प्रत्येक हिराच्या दोन्ही टोकांना शाडूच्या मातीची सारख्या आकाराची गोळी लावा. दोन्ही बाजूंना पट्टीचं फूटभर टोक मोकळं ठेवून ती दोन खुर्च्यांमध्ये ताणून बांधा आणि पहिल्या हिराचं टोक हलकेच खाली दाबून सोडा. लाट निघते, रांगेतून चालत जाते, पलीकडून परत येते. शेवटचा हीर कुणी घट्ट धरला तर उलटी परतते, मोकळा सोडला तर सुलटी. दोरीवर क्षणात होऊन गेलेलं इथे सावकाशीने बघता येतं.

आता खरी मजा. अर्ध्या रांगेच्या गोळ्या काढून टाका. हलक्या भागात लाट भरभर चालते, जड भागात रेंगाळते. आणि जिथे हलकं संपून जड सुरू होतं त्या सांध्यावर लाट दुभंगते: थोडी पुढे जाते, थोडी मागे फिरते. सांधा जितका विजोड, तितकी जास्त लाट परत. गोळ्या एकदम न काढता क्रमाने लहान लहान करत नेल्या तर परत येणारी लाट जवळपास नाहीशी होते. हा भाग मुलांना दाखवला की मोठी माणसंच गोळ्या कमीजास्त करत बसतात.

सोनोग्राफीच्या वेळी पोटावर तो गार, बुळबुळीत जेल का लावतात, याचं उत्तर या सांध्यात आहे. यंत्र आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला तर हवा आणि शरीर हा सांधा इतका विजोड असतो की ९९ टक्क्यांहून जास्त ध्वनी तिथूनच माघारी फिरतो. आत काही पोहोचतच नाही, मग बाळ दिसणार कसं? जेल तो हवेचा थर घालवतो, बस्स.

हवेत लटकलेली स्प्रिंग

जत्रेत मिळणारी ती रंगीत वेटोळ्यांची स्लिंकी. मूळ स्लिंकी पोलादी होती. १९४३ मध्ये फिलाडेल्फियाजवळ रिचर्ड जेम्स हे अभियंते जहाजावरची नाजूक उपकरणं लाटांच्या हेलकाव्यांपासून वाचवायला स्प्रिंगा तपासत होते. एक स्प्रिंग फळीवरून पडली आणि पडून थांबली नाही, पावलं टाकत खाली उतरली. १९४५ च्या नाताळाआधी फिलाडेल्फियातल्या गिंबल्स दुकानात पहिल्या ४०० स्लिंक्या दीड तासात संपल्या. स्लिंकी हे नाव त्यांच्या पत्नी बेटी यांनी शोधलं.

खुर्चीवर उभं राहून स्लिंकी वरच्या टोकाने धरा, खाली पूर्ण लोंबू द्या, डुलणं थांबलं की सोडून द्या आणि मोबाइलवर संथ गतीचं चित्रण करा. वरचं टोक खाली येतं, वेटोळी एकमेकांवर मिटत जातात, आणि खालचं टोक? हवेत स्थिर! वरचा भाग त्याच्यावर येऊन आदळेपर्यंत ते हलत नाही. वरून सोडल्याची बातमी स्प्रिंगमधून लाटेच्या रूपाने खाली जाते आणि तिला साधारण एक तृतीयांश सेकंद लागतो. तोवर खालच्या टोकावर वरचा ताण आणि खालचं वजन यांचा हिशेब पूर्वीसारखाच जुळलेला असतो.

स्लिंकी जमिनीवर पसरून तिला दोन प्रकारे हलवता येतं. पुढेमागे ढकललं की वेटोळी दाटविरळ होत जातात, आवाज हवेतून असाच जातो. आडवं हलवलं की नागमोडी लाट जाते. भूकंपात या दोन्ही येतात, आणि हे स्लिंकीपेक्षाही मुलांच्या रांगेत जास्त छान कळतं.

दहा-बारा मुलं एकामागे एक उभी करा, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यावर. मागून हलकासा धक्का दिला की तो भराभर पुढे पोहोचतो. मागच्याने डावी-उजवीकडे डोललं तर डोलणंही पुढे जातं, पण सावकाश. आता सगळ्यांना हात सोडून नुसतं खेटून उभं राहायला सांगा. धक्का अजूनही जातो. डोलणं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या मुलापाशीच विरतं. द्रवाचं असंच असतं. त्याचे कण एकमेकांना धरून नसतात, त्यामुळे आडवी लाट द्रवातून जाऊच शकत नाही. पृथ्वीच्या पोटातून आडव्या लाटा पलीकडे का पोहोचत नाहीत, या प्रश्नाचा माग काढत शास्त्रज्ञ पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत गेले. हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये गाभा द्रव असल्याचं मांडलं. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी त्या द्रवाच्या आत आणखी एक वेगळा गाभा आहे, हेही लाटांवरूनच ओळखलं. तिथे कुणी कधी उतरलं नाही, उतरणारही नाही. लाटांनी आणलेल्या निरोपावर सगळं कळलं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप महाराष्ट्रातली जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत. आधी एक धक्का, मग जोरदार हेलकावा, असा अनुभव भूकंपात अनेकांना येतो. कवचात पहिली लाट सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते, दुसरी साडेतीन. दोघींमध्ये जितके सेकंद गेले त्याला आठने गुणा. केंद्र साधारण तेवढे किलोमीटर दूर.

वानखेडेवरची लाट

क्रिकेटच्या मैदानावर प्रेक्षक हात वर करत उठतात-बसतात ती लाट १९८६ च्या मेक्सिकोतल्या फुटबॉल विश्वचषकाने जगभर नेली. २००२ मध्ये हंगेरी आणि जर्मनीतल्या संशोधकांनी चित्रफिती पाहून तिचं मोजमाप ‘नेचर’मध्ये छापलं: वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर, म्हणजे २० खुर्च्या, रुंदी जेमतेम १५ खुर्च्या, आणि बहुतेक वेळा ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते. सुरू करायला पंचवीस-तीस उत्साही माणसं पुरतात.

काडेपेटीचा फोन

दोन रिकाम्या काडेपेट्या आणि मधोमध दोरा. हा खेळ फार जुना आहे. रॉबर्ट हूकने १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’च्या प्रस्तावनेत ताणलेल्या तारेतून आवाज दूरवर पाठवल्याचं लिहिलं आहे, टेलिफोनच्या दोनशे वर्षं आधी. दोरा ताठ हवा आणि मध्ये कशालाही टेकता कामा नये. कुणी बोटाने दोरा धरला की बोलणं तिथेच तुटतं.

दुसरा प्रयोग याहून चकित करणारा. स्टीलच्या डावाच्या दांड्याला दोऱ्याचा मध्य बांधा, दोऱ्याची दोन टोकं दोन तर्जन्यांना गुंडाळून तर्जन्या कानांत घाला. खाली वाकून डाव टेबलाच्या कडेवर आपटा. बाहेर उभ्या असलेल्यांना किरकोळ टण् ऐकू येतो. तुमच्या कानात देवळातली घंटा घुमते. डावाचे खर्जातले सूर हवेत फारसे उतरत नाहीत. दोऱ्यातून मात्र थेट कानापर्यंत येतात.

बाटली: वाजवा एकदा, फुंका एकदा

काचेच्या बाटलीत थोडं थोडं पाणी भरत चमच्याने वाजवत जा. पाणी वाढेल तसा सूर उतरतो. जलतरंगाचे वाडगे असेच लावतात. आता तीच बाटली, तसंच पाणी भरत, तोंडाशी फुंकून वाजवा. या वेळी पाणी वाढेल तसा सूर चढतो! चमचा मारला तेव्हा काच आणि पाणी कंप पावत होतं, जास्त पाणी म्हणजे जास्त वजन. फुंकली तेव्हा वरची हवा कंप पावत होती, आणि ती आखूड होत गेली. नळाखाली कळशी भरताना ती भरत आली हे न बघता ओळखू येतं, ते याच आखूड होणाऱ्या हवेमुळे.

पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवलं. त्यांच्या खेळण्यांमधली स्ट्रॉची पिपाणी मला सर्वांत आवडते. स्ट्रॉचं एक टोक चपटं करून तिरपं कापायचं, ओठांत धरून फुंकायचं आणि वाजता वाजता दुसऱ्या टोकाकडून कात्रीने तुकडे पाडत जायचं. प्रत्येक कापाबरोबर सूर वर चढतो. आखूड नळी, उंच सूर. फळ्यावरचं सूत्र कानाला पटतं.

सकाळच्या कॉफीतही एक प्रयोग आहे. गरम दुधात किंवा पाण्यात इन्स्टंट कॉफी घालून ढवळा आणि लगेच चमच्याने मगाचा तळ आतून टकटक वाजवत राहा. सूर आधी खर्जात असतो आणि अर्ध्या-एक मिनिटात सरसर चढत जातो. पुन्हा ढवळलं की पुन्हा खाली. १९८२ मध्ये बर्कलीच्या फ्रँक क्रॉफर्ड यांनी याची फोड करून दाखवली. ढवळताना पेयात असंख्य बारीक बुडबुडे मिसळतात. पाणी दबत नाही, बुडबुडे दबतात, त्यामुळे मिश्रण मऊ होतं आणि आवाजाचा त्यातला वेग प्रचंड घटतो, इतका की कधी कधी तो नुसत्या हवेतल्यापेक्षाही कमी होतो. बुडबुडे वर येऊन फुटत जातात तसा वेग वाढतो आणि त्याबरोबर सूरही. दोरीच्या ताणाची जागा इथे द्रवाच्या ताठपणाने घेतली आहे, नियम तोच.

तंबोऱ्यातलं रहस्य

ताणलेल्या तारेवर लाट जाते, टोकाला उलटते, परत येते, आणि येणारी-जाणारी मिसळून तार जागच्या जागी थरथरते. मधोमध हलकं बोट ठेवून छेडलं की सूर नेमका एक सप्तक वर जातो. तिसऱ्या हिश्श्यावर ठेवलं की वरच्या सप्तकातला पंचम. एका तारेत हे सगळे सूर आधीच एकत्र असतात, बोट फक्त नको ते गाळतं.

युरोपीय सिद्धान्त असा होता की तार ज्या बिंदूवर छेडाल, तिथे ज्या उपस्वराची थरथर शून्य असते तो उपस्वर ऐकू येणारच नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं की तंबोरा हे मानत नाही. त्याची घोडी धारदार नसून रुंद आणि किंचित बाकदार असते, आणि तार व घोडी यांच्यामध्ये एक बारीक दोरा सरकवलेला असतो. कंप पावणारी तार त्या बाकावर क्षणाक्षणाला टेकते, उचलली जाते, आणि गाळले जायला हवे ते उपस्वरही झळाळून उठतात. जवारी म्हणतात ती हीच. मिरजेतले कारागीर ती कानाने लावतात, कानशीने घोडी घासत आणि पुन्हा पुन्हा ऐकत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते रास्तच झालं. दोऱ्याच्या जागेत केसभर फरक पडला तरी आवाज मरतो किंवा उजळतो, हे समोर बसून ऐकण्यासारखं आहे.

जोडीच्या दोन तारा एकत्र वाजवा. सूर थोडा वेगळा असेल तर वाँव्-वाँव् असा हेलकावा ऐकू येतो. एक तार सेकंदाला १३० वेळा आणि दुसरी १३२ वेळा थरथरत असेल तर सेकंदाला दोन हेलकावे. खुंटी फिरवत किंवा मणी सरकवत जा. हेलकावे संथ होत होत थांबले की जोड जुळली. याच कारणाने नादकाटा वाजवून कानाशी उभा धरून फिरवला, तर एका फेऱ्यात चार वेळा आवाज जवळजवळ बुडतो. दोन लाटा चढ-उताराने भिडतात आणि एकमेकींना खोडतात. आवाज अधिक आवाज बरोबर शांतता! गोंगाट रोखणारे हेडफोन याच तत्त्वावर बाहेरच्या आवाजाची उलटी लाट तयार करतात.

तबल्याची गोष्ट तर आणखी थोर. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर मूळ सुराच्या १.५९ पट, २.१४ पट असे आडनिडे असतात, म्हणून ढोलाला पक्का सूर नसतो. तबल्याच्या मधोमध थरावर थर घोटून बसवलेली शाई कातड्याचं मधलं वजन वाढवते आणि ते उपस्वर ओढून पूर्ण पटींवर आणते. रामन यांनी १९२० मध्ये सहकाऱ्यासह ‘नेचर’मध्ये ही गोष्ट मांडली. १९३४ च्या लेखात कातड्यावर बारीक वाळू पसरून कंपनांच्या आकृत्याही दिल्या: कातड्याच्या पहिल्या नऊ कंपनपद्धती मिळून पाचच सुरेल स्वर तयार होतात. नावं माहीत नसलेल्या कारागिरांनी कानाच्या जोरावर हे गणित शतकांपूर्वी सोडवून ठेवलं होतं.

रव्याची रांगोळी

तबल्यावर वाळू टाकायची गरज नाही. पातेल्यावर मोठा फुगा कापून घट्ट ताणा, वर चिमूटभर रवा पसरा आणि तोंड जवळ नेऊन एकच सूर लांब धरा. सूर जुळला की रवा उड्या मारत स्थिर जागी जाऊन रेषा आखतो. सूर बदला, नक्षी बदलते.

हूकने १६८० मध्ये काचेच्या पट्टीवर पीठ टाकून आणि कडेवर व्हायोलिनचा गज फिरवून अशा रेषा पाहिल्या होत्या. जर्मनीच्या अर्न्स्ट क्लाड्नी यांनी १७८७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि ते गावोगावी प्रयोग करत हिंडले. १८०९ मध्ये पॅरिसमध्ये नेपोलियनने ते पाहिले आणि या नक्षीचं गणित सांगणाऱ्याला तीन हजार फ्रँकचं बक्षीस ठरलं. ते काम इतकं अवघड निघालं की मोठमोठे गणिती बाजूला राहिले. सोफी जर्मेन या स्वतः शिकलेल्या फ्रेंच बाईंनी तीन वेळा प्रयत्न केला आणि १८१६ मध्ये बक्षीस मिळवलं. मुलींना शिकवत नाहीत म्हणून त्यांनी पूर्वी ‘ल ब्लाँ’ या पुरुषाच्या नावाने गणिताची पत्रं लिहिली होती. आयफेल टॉवरवर ७२ शास्त्रज्ञ-अभियंत्यांची नावं कोरली आहेत, त्यांत जर्मेन यांचं नाव नाही. हे खटकायलाच हवं.

आगगाडीतले वादक

एकच सूर धरणारा मोबाइल जाड मोज्यात घालून, मोज्याला दोरी बांधून डोक्याभोवती फिरवा. फिरवणाऱ्याला सूर सारखा. समोर उभ्या असलेल्याला चढता-उतरता. ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ मध्ये हे कागदावर मांडलं. हॉलंडच्या बाइस बॅलट यांना ते पटलं नाही, म्हणून त्यांनी १८४५ मध्ये उत्रेख्तजवळ आगगाडीच्या उघड्या डब्यात तुतारीवादक बसवले आणि रुळांकाठी सुराचे पक्के कान असलेले संगीतकार उभे केले. फेब्रुवारीत बर्फाने प्रयोग बिघडला, जूनमध्ये पुन्हा केला. डॉपलर बरोबर ठरले.

परातीतला समुद्र

लांबट ट्रेमध्ये एक सेंटिमीटर पाणी घ्या. एक बाजू किंचित उचलून सोडा. पाण्याचा फुगवटा या टोकाकडून त्या टोकाकडे फेऱ्या मारू लागेल. दहा सेकंदांत किती फेऱ्या होतात ते मोजा. आता चार सेंटिमीटर पाणी भरून पुन्हा मोजा: फेऱ्या जवळजवळ दुप्पट. दोरीचा ताण चौपट तर वेग दुप्पट; पाण्याची खोली चौपट तरी वेग दुप्पट.

याच नियमाने त्सुनामी चार किलोमीटर खोल समुद्रात ताशी ७०० किलोमीटरच्या पुढे धावते, आणि तिथे तिची उंची मीटरभरही नसते. किनाऱ्याजवळ, दहा मीटर पाण्यात, वेग ताशी ३६ किलोमीटरवर येतो. मागचं पाणी अजून वेगात असतं, पुढचं रखडतं आणि लाट उंच होत जाते. २६ डिसेंबर २००४ रोजी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हेच घडलं. रत्नागिरी किंवा मालवणच्या किनाऱ्यावर लाटा तिरप्या निघूनही वाळूला जवळपास समांतर येतात, त्याचंही कारण हेच: किनाऱ्याकडची बाजू उथळ पाण्यात आधी मंदावते आणि सगळी रांग वळते.

खोल पाण्यात मात्र नियमाला मुरड पडते. तिथे लांब लाटा आखूड लाटांपेक्षा वेगाने जातात. म्हणून दूरच्या वादळाच्या लांब, संथ लाटा सर्वांत आधी किनाऱ्याला लागतात. वॉल्टर मंक आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणी केंद्रं ठेवून अंटार्क्टिकाजवळच्या वादळांच्या लाटांचा दहा हजार किलोमीटरहून लांब माग काढला. केरळात वारा पडलेला असताना अचानक समुद्र आत येतो, त्याला तिथले मच्छीमार कल्लक्कडल म्हणतात; त्या लाटाही दक्षिण हिंदी महासागरातल्या दूरच्या वादळांनी पाठवलेल्या असतात.

शेवटी उजेड आणि पापड

दोन बोटं डोळ्यासमोर जवळजवळ चिकटवून त्यांच्या फटीतून दूरच्या दिव्याकडे बघा (सूर्याकडे अजिबात नाही). फट अगदी अरुंद झाली की तिच्यात बारीक काळ्या उभ्या रेषा दिसतात. प्रकाश लाट आहे, हे सांगणाऱ्या या रेषा फुकट आहेत. थॉमस यंगने १८०३ मध्ये खिडकीच्या छिद्रातून आलेल्या उन्हाच्या झोतात इंचाचा तिसावा भाग जाडीचं कार्ड आडवं धरून लंडनच्या रॉयल सोसायटीला असेच पट्टे समजावले. कार्डाच्या एका बाजूचा प्रकाश अडवला की पट्टे गायब होत. १८१८ मध्ये फ्रेनेल यांनी लाटांचा सिद्धान्त मांडला तेव्हा पॉयसाँ यांनी तो खोडायला आकडेमोड केली: हे खरं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या मधोमध उजेडाचा ठिपका पडायला हवा, आणि ते तर अशक्य! आरागो यांनी चकती लावून पाहिली. ठिपका होता.

मग ही लाट कशातून जाते? १८८७ मध्ये मायकल्सन आणि मॉर्ली यांनी ते माध्यम शोधायचा कसून प्रयत्न केला, सापडलं नाही. प्रकाशाचा वेग कुठलीही दोरी ठरवत नाही. तो मोजायला एक मायक्रोवेव्ह ओव्हन, उडदाचे पापड आणि पट्टी एवढं पुरतं.

ओव्हनमधली फिरती काचेची थाळी काढा आणि फिरवणाऱ्या खुंटीवर वाडगा पालथा घाला, म्हणजे आतलं काही फिरणार नाही. त्यावर चिनीमातीची मोठी ताटली ठेवून पापड एका थरात पसरा. थोडे थोडे सेकंद चालवत लक्ष ठेवा आणि काही ठिपके फुलून पांढरे झाले, बाकीचा पापड कच्चा आहे, अशा क्षणी बंद करा. आतल्या भिंतींवर आपटून लाटा तंबोऱ्याच्या तारेसारख्या जागच्या जागी थरथरतात. जिथे थरथर जास्त, तिथे पापड भाजतो. शेजारच्या दोन फुललेल्या ठिपक्यांतलं अंतर मोजा. साधारण सहा सेंटिमीटर भरेल. ती अर्धी लाट, म्हणून पूर्ण लाट १२ सेंटिमीटर. ओव्हनच्या मागच्या पट्टीवर २४५० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला २४५ कोटी लाटा. गुणाकार करा: सेकंदाला २ लाख ९४ हजार किलोमीटर. खरा आकडा २ लाख ९९ हजार ७९२. चूक दोन टक्क्यांची! ठिपके आडवेतिडवे येतील, म्हणून तीन-चार पापडांवर मोजून सरासरी काढा.

१९८३ पासून मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावरून केली जाते. तो वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा कायमचा ठरवून टाकला आहे. त्यामुळे काटेकोर बोलायचं तर पापडाने तपासली जाते ती तुमच्या हातातली पट्टी. उत्तर चुकलं तर आधी ठिपक्यांचे मध्यबिंदू पुन्हा मोजा, आणि उरलेले कच्चे भाग गॅसवर भाजून घ्या.